गड्ड्यावर पोर नेण्याची शास्त्रोक्त पद्धत

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली की होम मैदानावर गड्डा भरतो आणि सोलापुरातल्या समस्त बापांची परीक्षा सुरू होते. आमचे दाजी तिच्यात दरवर्षी पहिले येतात. सदर मार्गदर्शन त्यांच्याच चरित्रावर आधारित आहे.

नियम पहिला : आत शिरताच पोराला पिपाणी घेऊन द्यावी. आकाशपाळण्याच्या रांगेत पोर ती पुढच्या बाईच्या कानाला लावून फुंकतं. बाई वळून बघते. अशा वेळी बापाने गालात हसून म्हणावं, "लहान हाय वो ते." आता चूक बाईची ठरते, लेकराचं कौतुक नाही तिला! (एवढी हिंमत नसलेल्यांनी पिपाणी परत निघताना घ्यावी आणि घर येईपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावी.)

नियम दुसरा : भजी खाल्लेले हात पुसायला शेजारच्याची बाराबंदी उत्तम. पांढरीच असते, डाग नीट दिसतो.

नियम तिसरा : सम्मती कट्ट्यापाशी यात्रेतले सातही नंदीध्वज येऊन थांबले, अक्षता पडू लागल्या, की त्या देवाच्या दिशेने टाकायच्या असतात हे पोराला मुळीच सांगू नये. मागच्या खेपेला दाजींच्या धाकट्याने मुठीतल्या निम्म्या माझ्या कॉलरीत घातल्या. दाजी म्हणाले, "नेम बघा की वो!" काय बघू, कपाळ?

पण एक आहे. पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी दाजी न चुकता घालतात, चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते दोनदा वदवून घेतात आणि सोहळा संपेपर्यंत त्याला खांद्यावरून उतरवत नाहीत. हे तेवढं त्यांच्याकडून जरूर शिकावं.

नियम चौथा थोरल्यासाठी. वय 14. सध्या नवी पेठेतून स्कूटर हाणतो, मागे दोन मित्र. मी विषय काढला. उत्तर तेच : "लहान हाय वो ते."

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. म्हणूनच मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 199अ आलं. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक : 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. 'मला न विचारता नेली' हे बापाने सिद्ध करून दाखवायचं. दाजी तर पेट्रोलला पैसे देतात.

दाजी, चावी तेवढी कपाटात ठेवा. कुलूप लावून.