दोन अंकांचं सुडोकू: रावेतमधल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

वर्तमानपत्रातलं सुडोकू चहा निवायच्या आत सुटतं, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी ही मार्गदर्शिका वाचावी. ज्यांचं ते कधीच सुटत नाही त्यांनीही वाचावी, कारण इथे दोघेही एकाच ठिकाणी अडकतात.

नमुना म्हणून मिचेल ली यांचं ‘मिरॅकल सुडोकू’ घेऊ. मे २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी ते सोडवलं. ८१ घरांपैकी भरलेली फक्त दोन: एकात १, एकात २. आधी त्यांनाही ही थट्टाच वाटली. मग सुमारे २५ मिनिटांत सुटलं.

साहित्य : शिसपेन्सिल, मोठं खोडरबर आणि कंपनीच्या बसमधली खिडकीची जागा. रावेतहून चाकणला जाणाऱ्यांना वेळेची ददात नाही. तळवड्याच्या वाहतूक कोंडीत राहिलेली घरंही भरून होतात.

नियम १. नेहमीचाच. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि ३ × ३ च्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच.

नियम २. राजा. ज्या घरात अंक आहे त्याला चिकटलेल्या आठही घरांत, तिरप्यासुद्धा, तोच अंक नको.

नियम ३. घोडा. बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांवरही तोच अंक नको.

नियम ४. शेजार. लगतच्या घरांत लगतचे अंक नकोत. ५ च्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ४ किंवा ६ बसत नाही, तिरपा चालतो. हा नियम रावेतकरांना समजावून सांगावा लागत नाही. पिंपरी-चिंचवडसाठी पवनेचं पाणी उचललं जातं ते इथल्याच बंधाऱ्यातून, आणि नळाला मात्र ते २०१९ पासून दिवसाआड येतं.

सराव : कोऱ्या जाळीच्या मधोमध ५ लिहा. साध्या सुडोकूत त्याने ५ साठी २० घरं बंद होतात. घोडा आणखी ८ बंद करतो. राजा इथे बिनकामाचा, कारण त्याची आठही घरं त्याच चौकटीत असल्यामुळे आधीच बंद आहेत. आता तो ५ पुसून तिरपा एक घर सरकवा, म्हणजे मधल्या चौकटीच्या कोपऱ्यात. राजा शेजारच्या चौकटींतली ३ नवी घरं बंद करतो, घोडा ६. एकूण २९. तात्पर्य, राजाचा जोर हद्दीवर. शोध तिथूनच सुरू करा.

कानमंत्र : शेजाराच्या नियमात १ मुळे फक्त २ अडतो आणि ९ मुळे फक्त ८. मधले, म्हणजे २ ते ८, दोघादोघांना अडवतात. त्यामुळे त्यांना जागा मिळवणं १ आणि ९ पेक्षा कठीण.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका :

- उरलेले ७९ अंक छापायचे राहून गेले असं समजून कागद बाजूला ठेवणे.
- अंदाजपंचे दाहोदरसे भरत सुटणे. चूक पाचव्या घरात होते, कळते साठाव्यात.
- सहप्रवाशाला नियम सांगणे. तो घोड्यापाशी उतरून जातो.

शंकासमाधान : एवढे नियम कशाला? साध्या सुडोकूचं उत्तर एकमेव असायचं तर किमान १७ अंक द्यावेच लागतात, हे डब्लिनमधले गणिती गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाला कामाला लावून दाखवून दिलं. इथे दोनात भागतं, कारण उरलेलं काम नियम करतात. प्रत्येक ‘इथे नको’ हा फुकट मिळालेला इशारा आहे. बंदी वाढली की कोडं अवघड दिसतं, पण वाट एकच उरते.

तेव्हा अंक लिहिण्याआधी घराला एवढंच विचारा, ‘तुझ्यात काय येऊच शकत नाही?’ उत्तर आठ वेळा मिळालं की नववा अंक लिहा. आणि कृपा करून पेनाने लिहू नका.