जास्त म्हणजे मिळवा?

तिसरीच्या वर्गात शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून होत नाही तोच मागून आवाज येतो, "मॅडम, मिळवायचं का वजा करायचं?" उदाहरण अजून कुणी वाचलेलंही नसतं. या प्रश्नाचा मला राग येतो, पण तो लेकरांवर नाही.

राग आहे भिंतीवरच्या तक्त्याचा. आमच्या शिरूर अनंतपाळ भागात काय नि लातुरात काय, तक्ता तोच: 'एकूण, मिळून, जास्त' म्हणजे बेरीज, 'उरले, दिले, कमी' म्हणजे वजाबाकी. गाईडात तेच, शिकवणीत तेच, घरी मोठी ताई सांगते तेही तेच. लेकरं ते पाठ करतात आणि वाचणं सोडून देतात. शब्द हेरायचा, दोन आकडे उचलायचे, एकाखाली एक मांडायचे.

आता हे बघा. सलमाजवळ १२ बोरं आहेत, ती राजूपेक्षा ४ ने जास्त आहेत, राजूजवळ किती? वह्यांमधून १६ येतात. 'जास्त' दिसलं ना! राजूची बोरं सलमापेक्षा वाढली, हे कुणालाच खटकत नाही.

तुलनेचा प्रश्न लेकरांना जड जातो, हे खरं. पण तो विचारतो कसा, यावरही पुष्कळ असतं. हडसन नावाच्या संशोधकानं १९८३ साली पहिलीतल्या मुलांना पक्षी आणि आळ्यांची चित्रं दाखवली. 'आळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?' याचं उत्तर ६४ टक्के मुलांना आलं. 'किती पक्ष्यांना आळी मिळणार नाही?' असं विचारल्यावर सगळ्यांना आलं. चित्रं तशीच, वजाबाकीही तीच.

सोयाबीनचंही असंच. ४२ कट्टे झाले, १७ आडतीवर घातले, उरले किती? आमची लेकरं हे तोंडी सांगतात. दिवाळीच्या आसपास घरोघरी हाच हिशेब चालू असतो. पण घरात १७ कट्टे आहेत, गाडी भरायला ४२ लागतात, आणखी किती हवेत, असं विचारा. 'आणखी' ऐकलं की ५९ तयार. त्यातही नुसतं '२५' लिहिलं आणि पुढं 'कट्टे' राहिलं, तर अर्धा गुण कापतात. '५९ कट्टे' असं टापटीप लिहिणाऱ्याला मांडणीचा गुण मिळून जातो. हे मला पटत नाही.

आणि धड्याचं नाव 'वजाबाकी', खाली दहा उदाहरणं, दहाही वजाबाकीची. मग लेकरानं वाचायचं कशाला? मी त्यात बेरजेची मिसळते.

मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी येत होती, तीही नुसत्या आकड्यांची. म्हणून काहीजण म्हणतात, आधी हातच्याची वजाबाकी तरी येऊ द्या, शाब्दिक नंतर बघू. मला उलट वाटतं. कट्ट्यांचा हिशेब डोळ्यांपुढं असला की दहा सुटे का करायचे, हे लेकराला आपसूक कळतं.

मी तक्ता काढून टाकला. आता उदाहरण आधी आकड्यांशिवाय लिहिते: 'घरात काही कट्टे आहेत, गाडीला त्याहून जास्त लागतात.' कुणाकडं काय आहे, काय कमी पडतंय, हे लेकरांनी आपल्या शब्दांत सांगायचं. कुणी चित्र काढतं, कुणी चिंचोके मांडतं. आकडे त्यानंतर. अशानं एका तासाला दोनच उदाहरणं होतात. वही भरलेली दिसत नाही, अशी पालकांची तक्रार आहे. वही भरावी म्हणून तो तक्ता मी परत लावणार नाही.