अर्धं घर विकणे आहे

जाहिरातीतलं वर्णन मी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी लिहिलेलं एजंटने परत पाठवलं. ज्याचे लेख दिवाळी अंकांत येतात (संपादक ओळखीचे असले की येतात), त्याचा मजकूर टोकदार बुटातल्या एका पोराने साभार परत करावा, आणि तोही ऐन मार्च महिन्यात! मी हौसेने चार पानं लिहिली होती. त्यांच्या जागी त्याने चार ओळी टाकल्या. आधुनिक सोयींनी युक्त, कुटुंबासाठी उत्तम, चार बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर, शांत वस्ती, स्टेशन पायी अंतरावर. "लोक वाचत नाहीत, फोटो बघतात," तो म्हणाला. हे मला संपादकांनीही पूर्वी सांगितलं आहे, पण ते निदान चहा पाजून सांगतात.

फोटो मात्र असे आले की मीच बायकोला विचारलं, "हे कुणाचं गं?" फोटोग्राफरने कुठलं भिंग लावलं होतं देव जाणे, बॉक्स रूममध्ये बॅडमिंटनचं कोर्ट मावेल असं वाटत होतं. ही खोली सात फूट बाय सहा. घरात दाटी किती हे मोजताना 50 चौरस फुटांहून लहान खोली इंग्लंडचा 1985 चा हाउसिंग अ‍ॅक्ट झोपायची म्हणून धरतच नाही. आमच्या चिरंजीवांचं सगळं बालपण त्या खोलीत गेलं. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तो कधी झोपलाच नाही. त्याचे शाळेतले मार्क पाहिले तर यावर विश्वास बसत नाही.

आता मुलं आपापल्या गावी, आमचे गुडघे आपापल्या वाटेने, आणि चार बेडरूम झाडायला दोघंच. म्हणून विकतो आहोत. इतकं साधं कारण आहे, तरी बघायला येणारा प्रत्येक जण भिंतीत ओल आहे का, अशा नजरेने माझ्याकडे बघतो.

फोटोंच्या आधी घर 'आवरायचं' होतं. आम्ही आवरलं. एजंट म्हणाला, अजून. आवरणं म्हणजे माणसं राहतात याचा मागमूस पुसून टाकणं, हे हळूहळू लक्षात आलं. फ्रीजवरचे फोटो गेले, जिन्यातल्या चपला गेल्या, आईचा फोटो गेला. ओट्यावरचा मसाल्याचा डबा उचलून त्याने तिथे काचेच्या वाडग्यात लिंबं ठेवायला सांगितली. डझनभर पिवळीधमक लिंबं, नुसती बघायला. पहिल्या वेळी ऊन पडलं नाही म्हणून फोटोग्राफर दुसऱ्यांदा आला, तोवर बायकोने त्यांचं लोणचं घातलं होतं. मग सफरचंदं आणली. त्यांना ती हात लावणार नाही याची मला खात्री होती.

मग एजंटने अडखळत विचारलं, "ते... छोटं देऊळ जरा हलवता येईल? आणि बघायला माणसं यायची असतील तेव्हा आदल्या दिवसापासून उग्र वासाचा स्वयंपाक शक्यतो नको." त्याऐवजी ताजी कॉफी करून ठेवा, म्हणाला, घर विकायला कॉफीचा वास चांगला. पोरगं वाईट नव्हतं, त्याला कुणीतरी असंच शिकवलं असणार. पण देवघर व्हॅक्यूम क्लीनरच्या कपाटात ठेवताना बायकोचा चेहरा मला पाहवला नाही. याच स्वयंपाकघरात तिने हिंग-मोहरीच्या फोडण्या देऊन दोन मुलं वाढवली, त्यांच्या शाळेतल्या गोऱ्या मित्रांना आमटीभात खायला घातला आणि त्यांच्या आयांना कृती लिहून दिल्या. आता त्याच फोडणीपायी भाव पाडून घ्यायचा? ती एवढंच म्हणाली, "गणपती कपाटात, आणि आपण पाहुणे." पुढचे काही दिवस आमच्या घरात सँडविच होती आणि बोलणंही तितकंच कोरडं होतं.

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? एक तमिळ कुटुंब. बाईंनी दारातच हवेत नाक नेलं, कॉफीच्या वासाकडे दुर्लक्ष केलं आणि एजंटला विचारलं, "पूजेची खोली कुठाय?" एजंट माझ्याकडे बघतो, मी बायकोकडे, बायको कपाटाकडे. नंतर यजमानांनी खिशातून मोबाइल काढून दाराची दिशा तपासली. दार नैर्ऋत्येला. 1934 च्या इंग्रज बिल्डरने वास्तुशास्त्राचा काडीचाही विचार केलेला नव्हता. मंडळी गोड बोलून निघून गेली. त्या संध्याकाळी बायकोने देवघर जागेवर ठेवलं आणि भरल्या वांग्यांची अशी फोडणी दिली की कोपऱ्यावरच्या बसस्टॉपला कळावं.

1934 वरून आठवलं. इथे जरा थांबावं लागेल, कारण मेट्रोलँड सांगितल्याशिवाय मी कुणाला बॉयलर दाखवत नाही. माणसं घर बघायला आलेली असतात, मी त्यांना खिडकीशी नेतो आणि 1863 पासून सुरुवात करतो. त्या साली मेट्रोपॉलिटन कंपनीने लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे काढली. 1880 ला ती वर येऊन आमच्या हॅरोला पोचली, 1904 ला पार अक्सब्रिजला. इतर रेल्वे कंपन्यांना रूळ टाकून उरलेली जमीन विकून टाकावी लागे, हिला मात्र ती राखून ठेवायची मुभा होती. आता पंचाईत अशी की गाडी शेतांतून धावते आणि गाडीत बसायला गायी. तेव्हा कंपनीने माणसंच पेरायचं ठरवलं. 1915 पासून 1932 पर्यंत दरसाल 'मेट्रो-लँड' नावाची गुळगुळीत पुस्तिका काढली. शहराचा धूर सोडा, इथे या, बाग मिळेल, हवा मिळेल, आणि हो, सीझन तिकीट आमचंच घ्या. 1919 ला घरांसाठी वेगळी कंपनीच काढली.

(इथे बायको घसा खाकरते. मी पुढे जातो.)

आमचं स्टेशन रेनर्स लेन. 1930 साली तिथून वर्षाला 22 हजार माणसं प्रवास करायची, 1937 साली 40 लाख. सात वर्षांत! उघड्या माळावरच्या त्या फलाटावर इतका वारा लागे की लोक त्याला 'न्यूमोनिया जंक्शन' म्हणत. हे मी घर घ्यायला आलेल्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. का सांगतो, ते बायकोला आजवर कळलेलं नाही.

या माळावर जी घरं उभी राहिली ती अशी सेमी-डिटॅच्ड, जोडीजोडीने. मधली भिंत एक, छप्पर एक, आणि तरी बाजूने बोळ, म्हणजे कोळसा आणि कचरा घरातून न्यायला नको, तीन बाजूंनी उजेड. लंडनच्या कचेरीतल्या कारकुनाला मजुरांसारखं रांगेतल्या घरात राहायचं नव्हतं आणि साहेबासारखा स्वतंत्र बंगला परवडत नव्हता. त्याला हवा होता अर्धा बंगला, पण समोरून बघणाऱ्याला अख्खा वाटणारा. या पांढरपेशाची आणि आपली कुंडली किती जुळते! मी हॅरोत घर घेतलं तेव्हा पुण्याला फोन करून 'बंगला घेतला' असंच सांगितलं होतं. अर्ध्याचा उल्लेख फोनच्या खर्चामुळे राहून गेला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे आमच्या घराहून दोन वर्षांनी मोठं. डॉलिस हिलला मंडळाच्या वास्तूत गेलो की मी हेही सांगतो. तिथेही लोक चहाकडे सरकतात.

तर अर्धं घर. आमचा अर्धा भाग आधुनिक आहे, पलीकडचा नाही. पलीकडे एक आजी राहतात. त्यांच्या वडिलांनी घर नवंकोरं घेतलं, आजींचा जन्म त्यातलाच, आणि त्यानंतर त्या घराला फारसं कुणी काही केलेलं नाही. आम्ही मात्र काही ठेवलं नाही. पुढच्यामागच्या खोल्यांमधली भिंत पाडली, मागे तीन मीटर स्वयंपाकघर वाढवलं, घडीची काचेची दारं लावली. माळ्यावर खोली काढायला आमच्या बाजूच्या छपराची उतरण काढून भिंत सरळ वर नेली. सेमीला परवानगीविना छपरात 50 घनमीटर वाढवता येतात, त्यातला एकही मी वाया जाऊ दिला नाही. परिणामी रस्त्यावरून बघितलं की जोडीतलं आमचं घर शेजारणीपुढे खांदा उडवून उभं आहे असं दिसतं. बाहेरच्या खडबडीत गिलाव्याला पांढरा रंग दिला, तो बरोबर मधल्या रेषेपर्यंत. रेषेवर पावसाच्या पाण्याचा सामाईक पाइप. रंगाऱ्याने वरून ओरडून विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, अर्धा रंगव. त्याने खरंच उभा अर्धा रंगवला.

माळ्याचा गर्डर मधल्या भिंतीत घालायचा म्हणून 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे आजींना दोन महिने आधी नोटीस द्यावी लागली. उत्तराला चौदा दिवस असतात. आजी निवृत्त शिक्षिका. त्यांनी त्याच संध्याकाळी नोटीस परत आणून दिली. संमतीची सही होती, आणि माझ्या इंग्रजीतल्या चुका लाल शाईने सुधारलेल्या होत्या. माझ्या लेखनावर इतकं बारकाईने काम त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

आता गंमत अशी की घर बघायला येणारी तरुण जोडपी आमच्या दाराशी उभी राहून शेजारच्या दाराचे फोटो काढतात. आजींच्या दाराला रंगीत काचेचा उगवता सूर्य आहे, किरण लाल-पिवळे, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. "असं तुमच्याकडे नाही का?" होता. आमच्याही दाराला तसाच सूर्य होता, आणि त्याच्या किरणाकिरणातून जानेवारीचा वारा आत यायचा. आम्ही सूर्य काढून दुहेरी काच बसवली. मला त्याचं तसूभरही दुःख नाही. घराच्या ऊर्जेच्या दाखल्यावर आम्हाला 'सी' ग्रेड आहे, तो दाखला मी दिवाणखान्यात दिसेलसा ठेवतो. त्याचा फोटो अजून कुणी काढलेला नाही. एजंट आता सुचवतोय की जाहिरातीत 'जुन्या काळाची मोहिनी' असे शब्द घालू या. मी म्हटलं, मग पलीकडचं विक.

मधे एक खरेदीदार पक्का झाला होता. इंग्लंडात करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही कधीही अंग काढून घेऊ शकतो, तसं त्याने घेतलं. पण तोवर वकिलाकडून फॉर्म आले होते. त्यातला एक टीए6. घराची सगळी माहिती विकणाऱ्याने त्यात स्वतः लिहायची. शेजाऱ्यांशी काही वाद आहे का, झाला होता का, पुढे होण्यासारखं काही आहे का? खरं लिहा, लपवलंत तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. मी 'नाही' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो. भांडणाला रकाना आहे. शेजार चांगला असला तर तो कुठे लिहायचा?

गणपतीत आमची आरती भिंतीतून पलीकडे जाते. एका वर्षी घरी तापाची साथ होती, आवाज बसलेले. दुसऱ्या दिवशी आजी कुंपणाशी म्हणाल्या, "काल शेवटचं ते टाळ्यांचं जलद झालंच नाही. सगळे बरे आहात ना?" माझी आई पुण्याला वारली त्या रात्री आजींनी मला विमानतळावर टॅक्सीने जाऊ दिलं नाही. स्वतः गाडी काढून नेलं, वाटेत चकार शब्द बोलल्या नाहीत. आणि लॉकडाउनमध्ये आमचं एक ठरलं. सकाळी नऊला त्या काठीने भिंतीवर तीनदा ठोकायच्या, म्हणजे ठीक आहे. आम्ही लाटण्याने उत्तर द्यायचो. लॉकडाउन संपला, ठोकणं राहिलं. आमच्या दिवाणखान्यातली ती भिंत आता 'फिकट राखाडी, अलीकडेच रंगवलेली' अशी जाहिरातीत आहे. त्या रंगावर लाटण्याचे बारके खळगे पडलेत, एजंटने तिथे उंच पानांची कुंडी ठेवायला लावली.

हे सगळं टीए6 मध्ये बसत नाही. मी एक जादा कागद जोडून लिहून पाठवलं. आमच्या वकिलीणबाईंनी तोही साभार परत केला.

तेव्हा इथे लिहितो. तुमच्या ओळखीत कुणी हॅरोच्या बाजूला घर शोधत असेल तर जरूर कळवा. स्टेशन खरंच पायी अंतरावर आहे, बॉयलर नवा आहे, बॉक्स रूम लहान आहे. दार नैर्ऋत्येला आहे, त्याला माझा इलाज नाही. फोडणी वाटेल तेवढी द्या. आजींची किल्ली मीटरच्या कपाटात खिळ्याला आहे. कचऱ्याचे डबे गुरुवारी रात्री बाहेर काढायचे, त्यांचेही. आणि नऊला ठोकलं की उत्तर द्यायचं. किमतीचं बघता येईल. या बाबतीत घासाघीस नाही.