जगात जर्मनी, सोनपेठात ओटीपी

सरकार नव्या शोधांना उत्तेजन देत नाही, अशी कुरकुर पुण्या-मुंबईकडे फार चालते. अशा मंडळींनी पोळ्याच्या आगेमागे एकदा परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात यावं. इथं बांधाबांधावर संशोधन चालू असतं, आणि तेही बिनपगारी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तुमच्या शेतात काय पेरलंय हे तलाठी चावडीत बसून ठरवायचे. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. कल्पना उत्तम आहे, यात टोमणा नाही. फक्त सोयाबीन शेतात असतं आणि रेंज गावात. मग रेंज नसेल तर माहिती साठवून ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा, असा सल्ला मिळाला. तेव्हापासून कोणत्या लिंबाखाली कोणत्या कंपनीची रेंज लागते, पाण्याच्या टाकीच्या कितव्या पायरीवर फोटो वर चढतो, याचं ज्ञान आमच्याकडे बापाकडून लेकाकडं जातं. आमच्या शेजारचे आबा म्हणतात, "तवाचं बरं व्हतं बाबा. तलाठ्याला शेत दिसत नव्हतं, पर त्याचा पेन तरी चालायचा."

दळणवळणाचं आमचं संशोधन तर याहून पुढचं आहे. २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेतल्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं. बहिणीचा ओटीपी वेगळा, नवऱ्याचा किंवा वडिलांचा वेगळा. आता नवरा ऊसतोडीला गेलेला, आणि आधारला जोडलेला नंबर चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या पोराकडं. ओटीपी येतो चाकणला, लागतो सोनपेठला, आणि त्याचं आयुष्य मोजून काही मिनिटांचं. म्हणून आधी पोराच्या खोलीवरच्या मित्राला फोन, त्यानं पोराला गाठायचं, पोरानं सुपरवायझरचा डोळा चुकवून आकडे वाचायचे, इकडं सेतूवाल्यानं ते ऐकता ऐकता टाइप करायचे. तोवर साइट बसते. मग रात्री दोनला उठायचं, कारण त्या वेळेला साइट हलकी असते हा शोधही बायांनीच लावला. एवढी माणसं जोडून संदेश पोचवण्याची ही पद्धत कुठल्याच धोरणात बसत नाही, पण तेवढीच काय ती चालते.

गरज ही शोधाची जननी, असं शाळेत शिकवलं होतं. त्या हिशोबानं शासनाला नावं ठेवायला जागाच नाही. गरजेचा पुरवठा ते अखंड करतं; त्यात भारनियमन नाही.

परभणी जिल्ह्याचा माणूस "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं मोठ्या तोऱ्यात म्हणतो आणि बाहेरचे हसतात. हसू नये. कोरोनाच्या काळात जर्मनीतली आरोग्य कार्यालयं रुग्णांची माहिती फॅक्सनं पाठवत होती. आमच्याकडेही अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची आणि कार्यालयात नेऊन द्यायची. दोन महान भूमींचा स्वभाव इतका जुळणं हा योगायोग नसावा.

आता इंटरनेटचं. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. मुदती झाल्या, मुदतवाढी झाल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. केबल येते, हे मी मान्य करतो. तिच्या मागोमाग रस्त्याचं टेंडर येतं, त्याच्या मागं पाइपलाइनचं, आणि प्रत्येकाबरोबर एक जेसीबी. यावर उपाय म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप निघालं. खोदण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली कोणाची केबल आहे ते समजतं. आमच्याकडचा जेसीबीवाला उलट क्रमानं काम करतो. आधी खोदतो, खाली केबल होती की नाही ते सगळ्या गावाला आपोआप समजतं.

आदर्श गाव हाही एक शासकीय शोध आहे. मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, आणि २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत त्याची जी दशा दाखवली ती महाराष्ट्रानं पाहिली. २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यानं उपग्रहावरून इंटरनेट आणण्यासाठी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावं घेतली गेली. परभणीचं नाव नाही. मागासपणातसुद्धा आमचा नंबर लागू नये, ही गोष्ट मनाला लागते.

थट्टा पुरे. कारण सरकारला शोधांना बळ देणं जमतच नाही असंही नाही, आणि तीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. म्हणून आपला आपण बनवायला १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. तीस कोटींच्या आसपास पैसे आणि तीन वर्षं मिळाली. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक चालू झाला. त्याआधी १९८४ मध्ये टेलिफोनसाठी सी-डॉट ही संस्था निघाली, ३६ महिने आणि ३६ कोटी. खेड्यात एसी नसतो, धूळ असते, वीज जाते, हे गृहीत धरून सी-डॉटच्या पोरांनी टेलिफोन एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसवलं. देशभर पिवळ्या एसटीडी बूथांची रांग लागली ती त्यानंतर. बूथवाल्याला मंत्र्यानं 'नवउद्योजक' म्हणून शाल दिली नव्हती. त्याला फोनची लाइन आणि प्रत्येक कॉलमागे कमिशन दिलं होतं.

म्हणजे सरकारनं काम ठरवून दिलं, पैसे दिले, मुदत दिली आणि नंतर मध्ये बोट घातलं नाही. आज राज्याचं स्टार्टअप धोरण आहे, २०१८ पासून आहे. स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या कंपनीला सरकारी खात्यात प्रयोग करायला काम मिळतं, हे मला त्या सगळ्या धोरणातलं एकमेव शहाणपणाचं कलम वाटतं. बक्षीस घेऊन पोरगं फोटो काढतं. काम मिळालं तर कारखाना काढतं. पण हे काम मंत्रालयापासून तहसीलपर्यंत झिरपत नाही. सोनपेठच्या एखाद्या पोरानं रेंजशिवाय चालणारं पीक नोंदणीचं ॲप केलं, तर ते तपासून विकत घ्यायचा अधिकार तालुक्यात कोणाला आहे? त्याचा सत्कार करायचा अधिकार मात्र सगळ्यांना आहे.

दुसरी गोष्ट पैशाची नाहीच, हात काढून घेण्याची आहे. आपल्या देशात तार खात्याचा १८८५ चा कायदा २०२३ मध्ये नवा कायदा येईपर्यंत मोबाइलवर राज्य करत होता. आबांच्या तरुणपणी रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टात लायसन भरावं लागायचं. "तपासनीस आला की रेडू कणगीत," असं ते सांगतात. २००५ मध्ये केंद्रानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी परवानामुक्त केल्या, आणि घरोघरी वायफाय आलं. त्यासाठी ना भूमिपूजन झालं ना फीत कापली. एक अधिसूचना निघाली, बस्स. एवढ्या स्वस्तात झालेलं काम असल्यामुळेच बहुधा त्याचं श्रेय घ्यायला कोणी आलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी मंजूर केली. चहाच्या टपरीवाल्यानं, किराणावाल्यानं वायफाय लावायचं आणि पाच-दहा रुपयांना इंटरनेट विकायचं. जुन्या एसटीडी बूथसारखंच. ती फार पसरली नाही, कारण टपरीवाल्याकडून कंपन्या मोठ्या ऑफिसचे दर मागत होत्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं त्यावर चाप लावला: घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ही बातमी तालुक्याला कळवण्यासाठी एकही फ्लेक्स लागलेला मी पाहिला नाही, म्हणून इथंच कळवतो. बसस्टँडसमोरच्या चहावाल्यांनो, पीएम-वाणीखाली तुमच्या टपरीवरून वायफाय विकायला सरकारचा परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी लागत नाही. लागते असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजू नका, लेखी मागा.