साडेसात पट

लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताच्या सौद्यात सगळे शकुनाचा एखादा शेअर घेतात. मंदीकाका विकतात. तेही जवळ नसलेलं. बाजाराच्या भाषेत ‘शॉर्ट’.

बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवली ते पुणे या पट्ट्यात हमखास आढळणारे हे गृहस्थ. एकेका कंपनीवर डूख धरण्याइतकं त्यांचं मन कोतं नाही. ते एकदम पन्नास कंपन्यांवर रागावतात, म्हणजे निफ्टीवर. जून 2000 मध्ये भारतात निर्देशांकाचे वायदे सुरू झाले आणि असा ठोक राग काढायची कायदेशीर सोय झाली.

योजना गेल्या वर्षीच्या डायरीत लाल शाईने लिहिली जाते. 2024 मधलीच घ्या: शंभर नग निफ्टी, भाव 22,500, म्हणजे साडेबावीस लाखांचा माल. मार्जिन, म्हणजे आधी भरायची अनामत, मात्र तीन लाखांच्या आसपास. ‘‘साडेसात पट!’’ काका खुशीत सांगतात. ‘‘साडेसातीच म्हणा की,’’ कोथिंबीर निवडता निवडता काकू म्हणतात. निफ्टी एक टक्का पडला तर तीन लाखांवर साडेसात टक्के सुटतात, हा हिशेब काकांनी दोनदा तपासलेला असतो. तो एक टक्का चढला तर काय, त्यासाठी डायरीत जागा उरलेली नसते.

तोटा इथवरच सोसायचा, असा स्टॉपलॉस असतो. पण तो शिसपेन्सिलीने लिहिलेला. बाजार त्याच्या जवळ आला की खोडरबर निघतो.

अ‍ॅप उघडताच सेबीची सूचना येते: वायदे-ऑप्शनमध्ये दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. ‘‘दहावा कोण, ते कुठे लिहिलंय?’’ असं पुटपुटत काका ती बाजूला सारतात.

इतिहास मात्र त्यांना वाईट वागवत आला आहे. 20 सप्टेंबर 2019 ला अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपन्यांचा कर कमी केल्याचं जाहीर केलं आणि निफ्टी एका दिवसात 569 अंकांनी उसळला. मंदीची मांडणी करून बसलेले काका तेव्हापासून गोव्याचे काजूसुद्धा घरात येऊ देत नाहीत.

खरी जखम पुढची. 31 मे 2024, शुक्रवार. लोकसभेचा निकाल मंगळवारी. ‘यंदा धक्का बसणार’ म्हणत काकांनी 22,530 च्या आसपास शंभर नग विकले. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, त्यांत धक्क्याचं नाव नव्हतं, आणि सोमवारी निफ्टी 733 अंकांनी वर जाऊन 23,264 ला बंद झाला. वायद्यातला तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. साधारण 73,000 रुपये गेले. ब्रोकरच्या ऑफिसातून फोन आला, ‘‘सर, मार्जिन शॉर्ट आहे.’’

‘‘मीही शॉर्टच आहे!’’ काका ओरडले, आणि बाजार बंद होता होता त्यांनी सौदा कापला.

मंगळवारी निकालाने धक्का दिलाच, आणि निफ्टी 1,379 अंकांनी कोसळला. 21,884! एक रात्र कळ काढली असती, तर सोमवारचा खड्डा भरून वर चौसष्टएक हजार सुटले असते. काका त्या संध्याकाळी डोकं धरून बसले असतील असं कोणालाही वाटेल. छे! ते लिफ्टपाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. ‘‘मी म्हणालो होतो की नाही?’’ पेपरवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. पैसे गेल्याचं दुःख त्यांना नव्हतंच असं नाही. पण भाकीत खरं ठरल्याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि तसं पाहिलं तर 73,000 रुपये त्यांनी त्याचेच मोजले होते.

आता नवी योजना तयार आहे. मार्जिनपैकी निम्मं रोख द्यावं लागतं, उरलेल्या निम्म्याला तारण चालतं. तारण म्हणून काका ठेवणार आहेत तो इंडेक्स फंड, जो काकूंच्या आग्रहाखातर काकांच्याच नावावर दहा वर्षं महिन्याच्या महिन्याला भरला गेला. फंड अर्थातच निफ्टीचा.

‘‘अहो, पण निफ्टी पडला तर तारणाची किंमतही पडेल ना?’’ काकू विचारतात.

काका उत्तर देत नाहीत. ते शिसपेन्सिलीला टोक काढत असतात.