उडून राह्यला का बसून राह्यला?

नवा पायलट बघायचा असेल तर विमानतळावर जाऊ नये. तो घरी असतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत घर म्हणजे हैदराबादेतलं माझं घर; कारण इथून शमशाबादचा विमानतळ अर्ध्या तासावर आहे आणि मामाच्या घराला भाडं नसतं.

भाचा कारंजा लाडचा. गावात त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. खरं तर तो फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीवरचा. खांद्यावर चार नाही, तीन पट्ट्या. पण चौकातल्या फ्लेक्सवर 'कॅप्टन' छापून झालं होतं, आणि फ्लेक्सवर छापलेलं खोडायची आपल्याकडे पद्धत नाही.

पोरानं 200 तास विमान उडवलं, हवामानशास्त्रापासून नियमांपर्यंत डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे, सगळे पेपर काढले, मग टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायची पात्रता, मिळवली. त्यात दाजींचं चार एकर सोयाबीनचं वावर गेलं. एवढं झाल्यावर एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, गणवेश आला आणि पहिलं रोस्टर आलं. त्यात जिकडेतिकडे एकच शब्द होता: स्टँडबाय. म्हणजे कुणी सीनियर आजारी पडला, किंवा विमानाला उशीर होऊन एखाद्याचे ड्यूटीचे तास संपले, तर ह्याला फोन येणार. आला की तासा-दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. नाही आला तर बसायचं.

दाजींचा रोज रात्री फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, पाऊसपाणी नाही, थेट प्रश्न: "काय म्हन्ते तुमचा भाचा? उडून राह्यला का बसून राह्यला?"

"बसला आहे," मी म्हणतो.

"पगार चालू आहे ना?"

"आहे."

"मंग बसू द्या."

पण तो नुसता बसत नाही हो! स्टँडबाय पहाटे चारला सुरू होणार असेल तर हा साडेतीनला दाढी करून तयार. पांढरा शर्ट बाल्कनीच्या दाराला टांगलेला, बूट लख्ख, बॅग दाराशी. येता-जाता घरातला प्रत्येक माणूस त्या बॅगेला एकदा तरी ठेचकाळतो. आंघोळीला जाताना फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून नळाला अडकवतो. एकदा तो वाजला. डोक्याला शाम्पू, कमरेला टॉवेल अशा थाटात हा बाहेर आला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर!" पलीकडून एक बाई त्याला क्रेडिट कार्ड देऊ करत होत्या. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणे, सवय राहिली पाहिजे.

कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं: "आज काही सांगता येत नाही." जेवायला आहेस का? सांगता येत नाही. रविवारी लग्नाला येतोस? सांगता येत नाही. सिनेमाला आला तर कडेच्या खुर्चीवर बसतो आणि पडद्याऐवजी फोनच्या पडद्याकडे बघतो. मामी एकदा वैतागून म्हणाली, "अरे, तुला भूक लागली आहे की नाही, हे तरी सांगता येतं का?" त्यानं घड्याळ पाहिलं. "टेक्निकली, लागली आहे."

खाण्यापिण्याचंही पथ्य आहे. आईनं पाठवलेल्या ठेच्याकडे तो नुसता प्रेमानं बघतो, कारण पोट बिघडलं तर नोकरीचं काय? सर्दीला तर भुतासारखा भितो. नाक चोंदलं असताना वर गेलं की कान फुटायची पाळी येते. पण सर्दी झाली म्हणून कफ सिरप घेईल, तर तेही नाही. ड्यूटीआधी नळीत फुंकून अल्कोहोलची तपासणी द्यावी लागते, म्हणून औषधाची बाटली हातात आली की आधी बारीक अक्षरं वाचतो. माउथवॉश घरातून हद्दपार झाला आहे. माझ्या होमिओपॅथीच्या डब्यापासूनही तो चार हात लांब बसतो.

एरवी हा पोरगा मनाचा निर्मळ. पण राखीव यादीत बसलं की चांगल्या माणसाच्या मनातही भलतेसलते विचार येतात. आषाढात आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला आणि बातम्यांत 'विमानसेवा विस्कळीत' आलं, की ह्याच्या चेहऱ्यावर ऊन पडतं. कुणाची तरी ड्यूटी लांबणार, कुणाचे तरी तास संपणार! सीनियरांशी फोनवर बोलताना आवाजात माया दाटून येते: "सर, घसा बसल्यासारखा वाटतोय तुमचा. विश्रांती घ्या." नियमाप्रमाणे पायलटाला वर्षात 1000 तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. ह्या मर्यादेला आपल्याकडून धक्का लागेल अशी भीती त्याला नाही. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्यासाठी, 1500 तास लागतात, म्हणून लॉगबुक काढून बेरीज करतो आणि शेवटची ओळ जराशी गिरवतो.

दुसरं दुखणं विमानाचं. गावी कुणीही भेटलं की विचारतं, "बोइंग का एअरबस?" हा खालच्या आवाजात सांगतो, "एटीआर." मग फोटो दाखवावा लागतो. फोटोत पंखा दिसला की समोरचा गप्प होतो. कारंज्याच्या एका काकांनी तर खांद्यावर हात ठेवून धीर दिला, "होईन बाप्पा, हळूहळू होईन."

त्याच्या बॅचमधल्या एकानं पदरचे पैसे घालून एअरबसचं टाइप रेटिंग केलं. तो अजून नोकरीच्या यादीत आहे. ह्याला त्याच्या विमानाचा हेवा, त्याला ह्याच्या पगाराचा. रात्री दोघं तासभर फोनवर एकमेकांची समजूत घालतात. तेवढा वेळ कंपनीचा फोन आला तर काय, हे विचारायची सोय नाही. त्यासाठी दुसरा फोन आहे.

पण मी कधी चुकून 'पंख्याचं विमान' म्हणालो, तर भाचा पेटतो. "मामा, एअरबस स्वतः उडतं. एटीआर उडवावं लागतं!" मग तासाची निश्चिंती. ऑटोथ्रॉटल नाही, हातापायानं सांभाळावं लागतं. आडवा वारा असला की उतरवणाऱ्याचा कस लागतो. सत्तरएक माणसं मागच्या दारानं चढतात, सामान पुढे. जमिनीवर उभं असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि त्याच इंजिनावर एसी चालवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. ही हॉटेल मोडची गोष्ट सांगताना त्याचे डोळे असे चमकतात, की मीसुद्धा दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकतो.

दाजींचं मत मात्र भाच्याच्या भाषणांनी बदललं नाही. ते अमरावतीनं बदललं. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं ते एटीआर. त्या 1850 मीटरच्या धावपट्टीवर ते कसं अलगद टेकलं, हे दाजींनी मोबाइलवर इतक्यांदा पाहिलं की शेवटी आम्हालाही पाठ झालं. तेव्हापासून ते गावभर सांगतात, "आपल्या अमरावतीले येते ना, तेच इमान! मोठ्याले इमान काय कामाचे? ते मुंबई-दिल्ली करून राह्यले." मुलगा स्वतः अमरावतीला कधी विमान घेऊन येईल, असं विचारलं की बाप-लेक एका सुरात म्हणतात, "काही सांगता येत नाही."

आता सोयरिकीचं चाललं आहे. रिसोडचं स्थळ आहे. मुलीच्या काकांनी दबकत विचारलं, "जेट कधी भेटन?" मुलगी मात्र हुशार, तिनं फक्त विचारलं, "सुट्टी कधी मिळते?" भाच्याला ती तिथंच आवडली.

गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिले. भाच्यानं तिन्ही तारखा वहीत टिपल्या आणि म्हणाला, "रजेचा अर्ज टाकतो. रोस्टर लागलं की सांगतो."

"अन् रजा नाई भेटली तं?" दाजींनी विचारलं.

"सांगता येत नाही, बाबा."

दाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि गुरुजींकडे वळले. "महाराज, मंग नवरदेवबी एखादा स्टँडबाय ठेवाव लागते का?"