काळा समुद्र टच

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमीन बघायला गेलेला माणूस तिथे काय आहे हे विचारत नाही. काय येणार आहे, ते विचारतो. आधी जिल्हाच येणार होता. तो 1 मे 1999 रोजी परभणीतून फुटून आला आणि प्लॉटचा भाव कलेक्टर ऑफिसपासूनच्या अंतरावर ठरू लागला. मग औंढा नागनाथजवळ लायगो येणार असं कळलं. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारा थरथराट पकडणारी ही प्रयोगशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टिपायची हालचाल प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक. केंद्राने 2023 साली तिला 2600 कोटी मंजूर केले, आणि आमच्याकडे लगेच ‘लायगो टच’ प्लॉट निघाले.

आता या यंत्राला शेजारी ट्रकचा धक्कासुद्धा चालत नाही. म्हणजे जिथे फारसं काही येणार नाही, अशीच जागा बघून ते येतं. हे मी एका दलालाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे शांत लोकेशन म्हणा की, सर!” आणि चौरस फुटामागे पन्नास रुपये वाढवले.

अशा तालमीतल्या माणसाला पुण्याच्या आयटीतला भाचा बल्गेरिया दाखवायला आला. “मामा, इमर्जिंग मार्केट आहे. 2007 ला युरोपीय संघात गेले, 1 जानेवारी 2026 पासून युरोही आला. काळ्या समुद्राला लागून स्टुडिओ फ्लॅट. आत्ता घेतला तर घेतला!” शेवटचं वाक्य ऐकून मला एकदम औंढ्याच्या रस्त्यावर उभं असल्यासारखं वाटलं.

“सातबारा कुणाच्या नावावर आहे?” मी विचारलं.

सातबारा नसतो म्हणे. खरेदीखत नोटरीपुढे होतं. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला जमीन स्वतःच्या नावावर विकत घेता येत नाही. फ्लॅट घ्या, नाहीतर तिथे कंपनी काढा. हा कायदा मला आवडला. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन मिळत नाही. मग दाखल्यासाठी लोक कुठकुठले आजोबा शोधून काढतात. कंपनी काढणं त्यापेक्षा सोपं असावं.

मग मी स्वतः थोडं वाचलं. साम्यवादी राजवटीत तिथली शेती सहकारी संस्थांत गेली होती. ती राजवट 1989 ला कोसळली आणि 1991 च्या कायद्याने जमिनी जुन्या मालकांना, म्हणजे बहुतेक ठिकाणी त्यांच्या वारसांना, परत मिळू लागल्या. तोवर वारसांचेही वारस झालेले. कुणी सोफियात, कुणी जर्मनीत, आणि इवल्याशा तुकड्याला सह्या मात्र सगळ्यांच्या. हा तर आमचा वसमत तालुकाच! मुंबईच्या आत्याचं हक्कसोडपत्र, रुसलेल्या चुलत्याची सही आणि तलाठ्याकडे अडकलेला फेरफार सोडला, तर बाकी फरक फक्त हवेचा.

एक अडचण मात्र खरीच. बल्गेरियन माणूस ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतो आणि ‘नाही’ म्हणताना उभी. इसार द्यायचा की खिशात ठेवायचा, हे आम्ही आजवर समोरच्याच्या मानेवरून ठरवत आलो. त्यात आपली ती ‘बघू की’ म्हणणारी गोलगोल मान तिकडे कोणत्या रकान्यात धरतील, देव जाणे.

पैशाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ देते. हे ऐकून दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, बराच वेळ हसले. “वरची मर्यादा कळली, आमची अडचण खालची हाये!” दहा लाखांच्या पुढे 20 टक्के टीसीएस आधी कापून घेतात हे कळल्यावर तेही हसू थांबलं. तरी दाजींनी सरळ नाही म्हटलं नाही. “यंदा हळदीला भाव येऊ दे, मग बघू,” असं म्हणून ते हिंगोलीच्या संत नामदेव यार्डाकडे निघाले. आमच्याकडे मुलीचं लग्न, बोअर आणि ट्रॅक्टर याच वाक्यावर थांबलेले असतात. बल्गेरियाही रांगेत उभा राहील.

कुणाला घाई असेल तर त्याने जरूर घ्यावा. 2008 च्या मंदीआधी इंग्रजांनीही तिथे भराभर फ्लॅट घेतले होते; त्यातल्या कित्येकांना पुढे गिऱ्हाईक मिळेना. फक्त जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं ते वाचा: सप्टेंबर सरला की तिथल्या किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं आणि दुकानं बंद होतात, मेंटेनन्स मात्र बाराही महिन्यांचा भरावा लागतो.